लोणावळ्यात काही झालं नाही

खून कोणी केला हे मला नेहमी खून व्हायच्या आधी कळतं. यात माझ्या बुद्धीचा काहीही संबंध नाही. माझ्या बुद्धीची झेप बघायची असेल तर आमच्या घरातला लाडवांचा डबा बघा. बायको तो कुठे लपवते हे गेल्या पंचवीस वर्षांत मला एकदाही सापडलेलं नाही. मला खुनी कळतो तो आजूबाजूच्या परोपकारी माणसांमुळे.

याची सुरुवात सातवीत झाली. गल्लीच्या तोंडाशी एक लायब्ररी होती आणि तिथे बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा भाड्यानं मिळायच्या. बाबूरावांनी हजारावर पुस्तकं लिहिली, त्यामुळे पुस्तकांना तोटा नव्हता. तोटा होता तो शेवटच्या पानांचा. ज्या पुस्तकाचं शेवटचं पान शाबूत असेल त्याच्या बाराव्या पानावर कोणीतरी पेन्सिलीनं लिहिलेलं असायचं, "खुनी : वकील." त्याखाली दुसऱ्या अक्षरात, "साफ चूक. डॉक्टर." आणि त्याखाली शाईच्या पेनानं, शिक्षकी वळणात, "दोघेही." बाबूरावांचे झुंजार आणि काळापहाड जिवावर उदार होऊन ज्याला शेवटच्या पानापर्यंत शोधत फिरायचे, त्याची माझी बाराव्या पानापासून ओळख असायची. तो पुढे कुठे भेटला की मला 'या, बसा' म्हणावंसं वाटायचं.

मग टीव्ही आला. १९८५ साली 'करमचंद' ही गुप्तहेराची मालिका लागायची तेव्हा आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत चाळीतली सोळा माणसं बसलेली असायची. पंकज कपूरनं पहिलं गाजर मोडायच्या आत आमचे वडील जाहीर करायचे, "हाच." त्यांची पद्धत साधी होती. "एवढा नावाजलेला नट नुसता दार उघडायला कशाला घेतील? पैसे वसूल करायला त्याला खून करायला लावणारच." हा सिद्धांत दहातल्या आठ वेळा बरोबर यायचा. उरलेल्या दोन वेळा वडील दिग्दर्शकाला नावं ठेवायचे.

लंडनमध्ये अगाथा ख्रिस्तीचं 'द माउसट्रॅप' हे नाटक १९५२ च्या नोव्हेंबरात सुरू झालं. करोनानं थिएटरं बंद पाडेपर्यंत ते सलग चालू होतं आणि नंतर पुन्हा सुरू झालं. प्रत्येक प्रयोगानंतर नट प्रेक्षकांना विनंती करतात की खुनी कोण हे कृपया बाहेर सांगू नका. आणि लोक म्हणे सांगत नाहीत! सत्तर वर्षं! आमच्याकडे हे नाटक लागलं असतं तर मध्यंतरात बटाटेवड्याच्या रांगेतच फुटलं असतं. तेही वाईट हेतूनं नाही. "तुम्ही उगाच ताण घेऊ नका हो, तो अमका आहे," अशा निखळ मायेनं.

तर २०१९ च्या सप्टेंबरात, २० तारखेला, 'द फॅमिली मॅन' आली आणि मी मनाशी ठरवलं की आयुष्यात निदान एक रहस्य आपण आपल्या हिमतीवर उलगडायचं. राज आणि डीके या जोडीची मालिका, दहा भाग, मनोज वाजपेयी. तो झालाय श्रीकांत तिवारी. मुंबईत राहतो, 'टास्क' नावाच्या गुप्त सरकारी विभागात काम करतो आणि घरच्यांना वाटतं की हा कचेरीत फायली सरकवतो. मला ही कल्पना फार भावली, कारण माझं नेमकं उलटं आहे. मी कचेरीत फायलीच सरकवतो आणि तीस वर्षं घरी असं भासवत आलोय की माझ्यावाचून खातं बंद पडेल. फरक इतकाच, की श्रीकांतच्या बायकोला संशय येतो. माझ्या बायकोला खात्री आहे.

आमचा नवरा-बायकोचा करार झाला. दोघांनी मिळूनच बघायचं. एकाला झोप लागली की दुसऱ्यानं तिथेच थांबवायचं. मोबाइलवर शोधायचं नाही आणि बाहेर कोणाशी बोलायचं नाही. बायकोनं देवाजवळ दिवा लावला होता, त्याकडे बघून आम्ही दोघांनी मान डोलावली. एवढ्या गांभीर्यानं आम्ही सप्तपदीही चाललो नव्हतो. तेव्हा लक्ष मठ्ठ्याकडे होतं.

करारात आईचा विचार राहून गेला होता.

आई पंच्याहत्तरीची. आरामखुर्ची टीव्हीपासून चार फुटांवर. पहिला भाग सुरू झाला. भर समुद्रात एक बोट, त्यात केरळची काही माणसं, आणि तटरक्षक दल त्यांना पकडतंय. माणसं मल्याळममध्ये बोलत होती आणि खाली इंग्रजी अक्षरं भराभर पळत होती.

"काय म्हणाला रे तो?"

मी सांगितलं. तेवढ्यात पुढची दोन वाक्यं गेली.

"आणि हा?"

तेही सांगितलं. आणखी चार वाक्यं गेली. अशा रीतीनं मी दहशतवादाच्या मागे कायम चार वाक्यांनी धावत होतो. श्रीकांतचंही तेच चाललं होतं म्हणा, पण त्याला त्याचा पगार होता.

आईचा मुख्य प्रश्न मात्र एकच, "हा कोण?" तो ती प्रत्येक प्रवेशाला विचारायची. मगाशी ज्याची आपण सविस्तर ओळख करून दिली तो नुसता शर्ट बदलून आला तरी, "हा कोण?" श्रीकांतचा जोडीदार जेके आला. शारिब हाश्मीनं झकास केलाय तो. त्याचं आडनाव तळपदे आहे हे कळल्यावर आई सरसावून बसली. "गिरगावात माझ्या मावशीच्या शेजारी तळपदे होते. त्यांचा का हा?" पडद्यावर त्या क्षणी कोणीतरी कोणाच्या तरी छातीत गोळी घातली. कोणी आणि का, ते मला आजतागायत माहीत नाही. त्या वेळी आम्ही तळपद्यांच्या थोरल्या मुलीच्या लग्नात होतो.

माणसं ओळखण्यात मात्र आईचा हात कोणी धरणार नाही. श्रीकांतच्या बायकोचा, सुचीचा, सहकारी अरविंद पडद्यावर आला आणि आई ताडकन म्हणाली, "अरे, हा 'लय भारी'तला संग्राम!" होताच तो. शरद केळकर. "आवाज तर बाहुबलीचा आहे याचा. याच्याबरोबर नोकरी करतेय ती? मग काही खरं नाही." मालिकेतल्या एका आख्ख्या गुप्तचर खात्याला जे कळायला वेळ लागला, ते आईनं एका चेहऱ्यावरून ओळखलं होतं. शेवटी सिद्धांत वडिलांचाच. नावाजलेला नट नुसत्या मीटिंगा घ्यायला ठेवत नाहीत.

दुसरी अडचण शिव्यांची. या मालिकेतली माणसं एकमेकांना 'नमस्कार' म्हणतात तेही शिवी लावून. समोर आई, बाजूला बायको. माझा अंगठा रिमोटच्या आवाजबंद बटणावर सतत तयार. पहिल्या दिवशी मी शिवी आल्यावर बटण दाबायचो. मग लक्षात आलं की तोवर ती निघून गेलेली असते आणि आपण पुढचं महत्त्वाचं वाक्य गिळतो. दुसऱ्या दिवसापासून मी नटाचा चेहरा वाचून आगाऊ दाबायला लागलो. कपाळावर आठी आली की दाब. पण हेरगिरीत गुपितं सांगतानाही आठीच येते. परिणामी सरकारी गुपितं आणि शिव्या दोन्ही गेल्या. चौथ्या भागापासून आम्ही जवळजवळ मूकपटच बघत होतो. एकदा तर सलग दोन मिनिटं माणसं नुसती ओठ हलवत होती आणि आई म्हणाली, "किती छान शांतपणे बोलतात नाही ही लोकं!"

खरा धोका कन्येचा होता. ती इंजिनीअरिंगला. तिनं दहाच्या दहा भाग एका रात्रीत संपवले होते आणि आता ती नुसती येऊन सोफ्याच्या हातावर बसायची. बोलायची काही नाही. फक्त "हं." एखादं पात्र दारातून आत आलं की "हं." त्या 'हं'मध्ये इतकी माहिती असायची की एखाद्या शत्रुराष्ट्रानं तिला नोकरीला ठेवावं. लांब 'हं' म्हणजे हा मरणार. आखूड 'हं' म्हणजे हा दगा देणार. नाकातून आलेलं 'हं' म्हणजे तुम्ही समजताय तसं नाहीये. तीन दिवसांत मला तिची सांकेतिक भाषा अवगत झाली आणि मालिका बघायचं कारणच उरलं नाही. शेवटी बायकोनं तिला खोलीतून हद्दपार केलं. जाताना ती दारात थांबली आणि एकच शब्द बोलली.

"लोणावळा."

आणि गेली.

या एका शब्दानं आमच्या घरात जे काम केलं ते त्या मालिकेतल्या सगळ्या अतिरेक्यांना मिळून जमलं नसतं. कारण पुढे अख्ख्या देशाचं तेच झालं. मालिकेत काय नव्हतं? खून होते, कटकारस्थानं होती, सरकारनं दडपलेल्या चुका होत्या, दिल्लीवर विषारी वायूचं संकट होतं. आणि लोक एकमेकांना विचारत होते की सुची आणि अरविंद यांच्यात लोणावळ्यात काय झालं? दिल्ली राहो वा जावो. दुसरा सीझन १२ फेब्रुवारी २०२१ ला यायचा होता, तो पुढे ढकलला आणि ४ जूनला आला. तोवर लोक करोनाच्या दोन लाटांतून गेले, पण प्रश्न विसरले नाहीत. त्या सीझनमध्ये चेल्लम सर नावाचे एक निवृत्त गुप्तचर आले. फोन केला की वाट्टेल ती माहिती देणारे. लोकांनी त्यांनाही पहिला प्रश्न लोणावळ्याचाच विचारला असता. आणि दुसरा सीझन संपला तेव्हाही सुचीच्या तोंडून उत्तर निघता निघता राहिलं. सरकारी गुपितांसाठी १९२३ सालचा कायदा आहे, तरी ती फुटतात. हे मात्र फुटेना.

पण मी २०१९ मध्ये होतो. शेवटचे दोन भाग उरले होते आणि कचेरीत परिपत्रक आलं. निवडक कर्मचाऱ्यांसाठी 'ताणतणाव व्यवस्थापन' या विषयावर दोन दिवसांचं निवासी प्रशिक्षण. स्थळ : लोणावळा.

मी घरी सांगितलं. बायको भाजी चिरत होती. सुरी थांबली.

"कोण कोण आहे?"

"अगं, आम्ही अकरा जण. सगळे पन्नाशीच्या पुढचे."

"बायका?"

"दोन. एकीचे गुडघे दुखतात."

"आणि दुसरीचे?"

मी चिंचवडला राहतो. तिथून लोणावळा तासाभरावर. आजवर आम्ही तिथे पावसाळ्यात जाऊन कणीस खाल्लंय, भुशी डॅमच्या पायऱ्यांवर घसरलोय, गाड्यांच्या रांगेत चार तास बसून परत आलोय. इतक्या निरुपद्रवी गावाला एका मालिकेनं असं बदनाम केलं की मी बॅगेत साधा नवा शर्ट ठेवला तर आईनं विचारलं, "हा कोणासाठी?"

खाली फाटकाशी काका भेटले. काका म्हणजे आमच्या सोसायटीचे चेल्लम सर. एका संरक्षण कार्यालयात बत्तीस वर्षं होते. काय करत होते विचारलं की चेहरा गंभीर करून म्हणतात, "ते मी सांगू शकत नाही." त्यांच्याच मुलानं एकदा सांगितलं की बाबा प्रवासभत्त्याची बिलं तपासायचे. स्वतःचं काम सोडून बाकी सगळं काका सांगतात. कोणाकडे गॅस संपलाय, कोणाची मुलगी बघायला येणार आहेत, कोणाचं कुरिअर किती वजनाचं होतं. माझी बॅग बघून त्यांनी आवाज खाली घेतला. "लोणावळा ना? दोन दिवस? प्रशिक्षण?" शेवटचा शब्द त्यांनी असा उच्चारला की मलाच माझी शंका आली.

आता जे सांगतो ते तुम्हाला म्हणून सांगतो.

लोणावळ्यात रात्री साडेदहाला मला झोप येईना. दिवसभर एका तरुण प्रशिक्षकानं आम्हाला डोळे मिटून समुद्रकिनारा बघायला लावला होता. मला सारखी केरळची ती बोटच दिसायची. खोलीतला सहकारी घाटात इंजिन चढावं तसा घोरत होता. बाहेर परतीचा पाऊस. उशाशी मोबाइल. मोबाइलमध्ये घरचंच खातं. आणि खात्यात शेवटचे दोन भाग.

मी स्वतःला म्हटलं, फक्त पाच मिनिटं.

खोलीत रेंज नव्हती. घोंगडं पांघरून मी बाहेर आलो आणि जिन्याच्या सहाव्या पायरीवर, आग विझवायच्या त्या लाल नळकांड्याखाली, दोन दांड्या रेंज सापडली. एका कानात इअरफोन आणि दुसरा कान पहाऱ्यावर. नववा भाग लावला तर तो मध्येच कुठून तरी सुरू झाला. रेंजचा घोळ असेल म्हणून मी तो मागे नेला. दहावा लावला तर तो थेट शेवटच्या नावांपासून सुरू झाला. म्हटलं, पावसाळी हवा. तोही मागे नेला. रात्री एकच्या सुमाराला रखवालदार काठी आपटत आला. जिन्यात घोंगडं पांघरलेली, निळ्या उजेडात चमकणारी आकृती बघून तो पाच पायऱ्या मागे सरकला.

"कोण आहे?"

"मी... प्रशिक्षणाचा."

"इथं काय करताय साहेब?"

"ताण कमी करतोय."

पहाटे अडीचला संपलं. पुढचा अर्धा तास मी पुरावे नष्ट करण्यात घालवला. त्या भागांच्या चित्राखाली किती बघून झालंय ती रेघ येते ना, ती रेघ अंगठ्यानं ढकलत ढकलत पार शून्यावर आणली. टास्कच्या कुठल्याही माणसानं माझ्या पाठीवर थाप मारली असती. दुसऱ्या दिवशी प्रशिक्षकानं माझे लाल डोळे बघून वर्गाला सांगितलं, "बघा, साचलेल्या भावनांचा निचरा असा होतो." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

घरी जाताना अर्धा किलो शेंगदाण्याची, अर्धा किलो काजूची आणि अपराधी भावनेपोटी पाव किलो गुलाबाची चिक्की घेतली. बायकोनं पिशवी हातात तोलली. "सव्वा किलो?" ती म्हणाली. "नेहमी पाव आणता."

रात्री जेवणं उरकून नववा भाग लावला. मी अभिनयाला सज्ज होतो. योग्य जागी भुवया उंचावल्या. एकदा "अरे बापरे" म्हणालो. एकदा सोफ्याचा हात गच्च धरला. बायकोही "अगंबाई" म्हणत होती, नको इतकी मन लावून. दहा मिनिटं गेली, वीस गेली, आणि मला काहीतरी चुकतंय असं वाटायला लागलं. खोलीत एक विचित्र शांतता होती. पंखा चालू होता, खाली कुत्री भुंकत होती, टीव्हीवर गोळीबार चालला होता, तरीही शांतता. मग एक नवं पात्र दारातून आत आलं आणि मला उलगडा झाला.

आईनं 'हा कोण?' विचारलं नव्हतं.

एकदाही नाही. ती आरामखुर्चीत आरामात चिक्की चघळत होती. मल्याळम येवो, आणखी काही येवो, चेहऱ्यावर संपूर्ण समाधान. नववा भाग माझ्या फोनवर मध्येच का सुरू झाला, दहावा शेवटच्या नावांपासून का सुरू झाला, पावसाळी हवेचा त्यात किती भाग होता, सगळं एका क्षणात जागच्या जागी बसलं. मी लोणावळ्याच्या एस्टीत चढलो त्याच संध्याकाळी या दोघींनी कुकर लावायच्या आधी...

पण बोलणार कसं? बोललो तर तो मध्येच सुरू झालेला भाग मी कुठे बघितला हे सांगावं लागणार. मी बायकोकडे बघितलं. ती आधीच माझ्याकडे बघत होती.

"मगाशी तो स्फोट झाला," ती हळूच म्हणाली, "तेव्हा तुम्ही दचकला नाहीत."

"तूही दचकली नाहीस."

पडद्यावर कोणीतरी धावत होतं. मी आवाजबंदचं बटण दाबलं. कपाळावर आठी होती, पण ती बायकोच्या.

"लोणावळ्यात काय झालं?" तिनं विचारलं.

"काही नाही. इथे काय झालं?"

"काही नाही."

चिक्की कडाकड मोडल्याचा आवाज आला. आईनं काजूच्या चिक्कीचा तुकडा दाढेखाली धरला होता. तिनं आमच्याकडे न बघता रिमोटसाठी हात पुढे केला.

"भांडू नका रे," आई म्हणाली. "शेवटी तसंही काही कळत नाहीच."